नावाचा वाटा

कुंभवली,
रविवार

प्रिय दर्पण,

या कागदाला म्हावऱ्याचा वास येईल, नाक मुरडू नकोस. उद्या सुगंधा टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात येईल तेव्हा तिच्याच हाती देणार आहे. दोन पिशव्यांत गुंडाळलाय, पण बर्फाचं पाणी कुठूनही शिरतं हे इतकी वर्षं बोट चालवलेल्या तुझ्यासारख्या तांडेलाला मी काय सांगावं. आणि बायकोच्या हातून बहिणीचं पत्र आलं म्हणून धसका घेऊ नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, भांडण कोणाचं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी हॅलो म्हणते न म्हणते तोच 'बाय, तो विषय नको' म्हणून मोकळा होतोस. कागदाला मधेच तोडता येत नाही. सुगंधानं दिला की आधी घरी वाच, आणि पालघरला डायलिसिसच्या मशीनवर चार तास पडून असशील तेव्हा पुन्हा सावकाश वाच. सुया डाव्या हाताला असतात, उजवा रिकामाच असतो तुझा.

बातमी अशी आहे की तुझ्या बहिणीनं डबा लावायचा की नाही, यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला होता. साधा डबा नाही, वजन उतरवायचा. बोईसरला अशी एक कंपनी निघालीय. सकाळी दारात पिशवी येते, तिच्यात दिवसभराचं सगळं खाणं, वेगवेगळ्या डब्यांत, मोजून मापून. तेवढंच खायचं, त्याच्याबाहेरचं तोंडात काही टाकायचं नाही, आणि दर रविवारी त्यांच्या काट्यावर जाऊन उभं राहायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर हेतल म्हणून एक गुजराती बाई राहते, ती त्यांच्याकडे लोकांना समजावायचं काम करते. स्वतः सुक्या मांदेलीएवढी. जिन्यात भेटली की हसून विचारायची, जागृतीबेन, क्या सोचा? मी म्हणायचे, सोच रही हूँ. एकदा पायऱ्या चढून मला असा दम लागला होता की तोंडातून नुसतं 'सोच' एवढंच निघालं, बाकीचं तिनं समजून घेतलं.

हसतोस ना? हस. जिला अख्खी आळी काडी म्हणायची ती तुझी बाय आता एक्याण्णव किलोची झालीय. आमच्या कंपनीत गोळ्यांचे खोके पट्ट्यावरून पुढे जातात, तिथं वजन बघणारं मशीन आहे. खोक्यात एक पाकीट कमी-जास्त भरलं गेलं की मशीन त्याला ढकलून बाजूला काढतं. मी दिवसभर तिथंच उभी. पॅकिंगच्या पोरी म्हणतात, ताई, जरा लांब उभ्या राहा, नाहीतर तुम्हालाच ढकलेल. तुझे भावोजी तोंडानं काही बोलत नाहीत, पण मोटरसायकलच्या मागच्या चाकात हवा भरताना केदारची नजर माझ्याकडे असते. आणि तुझी भाची उत्कर्षा अकरावीत सायन्सला गेल्यापासून घरातली डॉक्टरीण तीच झालीय. मी दुसऱ्यांदा भात घेतला की ती नुसती भुवई वर करते. भुवई अगदी आपल्या बाबांसारखी, त्यामुळे घास अडकतो.

हेतलनं आधी एका दिवसाचा नमुना दिला होता, चव बघा म्हणाली. सकाळचा डबा उघडला तर मोड आलेले मूग आणि पपईच्या चार फोडी. दुपारच्यात पातळ डाळ, कसल्याशा भाज्या आणि ज्वारीची एक भाकरी, पापडाएवढी. संध्याकाळी सूप. चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. मी सगळं खाल्लं, डबे घासून ठेवले आणि मग जेवायला बसले. संध्याकाळी हेतल विचारायला आली तेव्हा माझ्या ताटात भात आणि कोलंबीचं कालवण होतं. ती दारातच थिजली. मला वाटलं होतं डब्यातलं म्हणजे वरचं खाणं. ज्या ताटात म्हावरं नाही त्याला जेवण म्हणतात हे मला कधी कोणी सांगितलं होतं? केदार एवढा हसला की त्याला ठसका लागला. हेतलबाय पण हसली बिचारी, पण जाताना म्हणाली की असं केलंत तर वजन उतरायचं सोडून चढेल.

तू म्हणशील, म्हावरं खाऊन कोणी जाडं होत नाही, आपली आई बघ. खरं आहे. पण नुसतं म्हावरं कोण खातं? कालवण म्हटलं की भात आला, तुकडी तळली की तेल आलं, आणि सुक्या बोंबलाची चटणी असली की तांदळाची भाकरी किती गेली त्याचा हिशेब राहत नाही. शिवाय मी एकटीचं खात नव्हते. हे तुला माहीत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला वाटतं तू कधी विचारलंच नाहीस, आणि आईनं आपणहून सांगितलं नाही. दोन वर्षं मी माझंही खातेय आणि तुझंही.

आपल्या घरची रीत आठव. बोट बंदराला लागली की विकायचं म्हावरं वेगळं होण्याआधी घरच्या माणसांचा खायचा वाटा निघायचा, प्रत्येकाच्या नावानं. बाबा खाली वाकून हातानं ढीग करायचे, आजीला आय आणि आईला हिरा म्हणत, ह्यो आयचा, ह्यो हिराचा, ह्यो जागूचा, ह्यो दर्पणचा. तुझ्या ढिगात नेहमी एखादी बोय जास्त असायची आणि मी भांडायचे. एखादा माणूस घरी नसला तरी त्याचा वाटा निघायचाच. तो विकायचा नाही, टाकायचा नाही, फोडून चौघांत वाटायचा पण नाही. रक्ताच्या कोणीतरी एकानं त्याच्या नावानं खायचा. एका वर्षी बाबांची बोट मशीन बिघडून गुजरातच्या बंदरात अडकली होती तेव्हा शेजारच्या बोटीवरून आलेल्या म्हावऱ्यातून आईनं त्यांचा वाटा काढला आणि आजीनं तो रोज गपगुमान खाल्ला. आजीला तेव्हा दातही नव्हते. जित्या माणसाचा वाटा विकला म्हणजे त्याला घरातून कमी केलं, असं ती म्हणायची. तेव्हा मला ते सगळं वेडेपणाचं वाटायचं.

मग तुझे पाय सुजले. डॉक्टरनं किडनीचं सांगितलं, बोट दुसऱ्या तांडेलाच्या हाती गेली आणि तुझ्या खाण्यापिण्यावर पहारा बसला. मीठ नको, सुकं तर नकोच नको, पाणी मोजून. सातपाटीच्या माणसाला सुकं खाऊ नकोस म्हणायचं म्हणजे त्याला श्वास घेऊ नकोस म्हटल्यासारखंच. ताजं म्हावरं एवढंएवढं चालेल म्हणाले होते, पण तुझंच मन उडालं. सुगंधा अळणी उकडून द्यायची आणि तू ताट सरकवायचास. तरी आई तुझा वाटा काढतच राहिली. तिच्या स्वतःच्या घशाखाली तो उतरत नव्हता. पहिल्यांदा सुगंधा तो घेऊन माझ्याकडे आली तेव्हा टोपलीत वर फडकं घालून वेगळा ठेवला होता. म्हणाली, तुमच्या आयनं धाडलाय, ह्यांच्या नावचा हाय, तुमी खावा. मी त्या दिवशी तुझ्या नावानं जेवले आणि रडले. तळलेली तुकडी खाताना रडणारी बाई तू पाहिली नसशील, केदारनं पाहिली आहे.

त्यानंतर मी एकही वाटा वाया घालवला नाही. पोट भरलेलं असलं तरी खाल्ला. ताप असताना खाल्ला. श्रावणात केदारच्या घरी पाळतात, तेव्हा मागच्या गॅलरीत बसून खाल्ला आणि सासूबाईंनी वास येऊनही न आल्यासारखं केलं. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा आईनं तुझ्या नावचं सुकं धाडलं, ते पण खाल्लं. मला वाटायचं मी हे खातेय तोवर तुला काही होणार नाही. शिकलेली बाई आहे मी, औषधांच्या कंपनीत काम करते, तरी वाटायचं. तुला लहानपणी भरवायचे तेव्हा तू माझ्या तोंडात आधी घास गेल्याशिवाय तोंड उघडायचा नाहीस. आई बाजाराला गेलेली, तू माझ्या कमरेवर, मी अकरा-बारा वर्षांची, एका बाजूला वाकलेली. माझ्या तोंडात एक, तुझ्या तोंडात एक. मला वाटतं ती सवय माझ्या अंगातून गेलीच नाही.

आता जो विषय तू फोनवर काढू देत नाहीस तो काढते. तुझ्या हातात फक्त कागद आहे, त्यावर घरी ओरडलास तर आई बघेल, मशीनवर ओरडलास तर शेजारचे लोक.

गणपतीच्या वेळी मी तुला म्हटलं होतं की माझी एक किडनी घे. बाबा तर राहिले नाहीत. आईची साखर, वय, त्यामुळे तिला डॉक्टरनं आधीच बाजूला केलं. सुगंधाचा रक्तगट जुळला नाही, त्यावर ती किती रडली ते तू पाहिलंस. उरले मी. तू काय म्हणालास ते मला शब्द न शब्द आठवतं. तू म्हणालास, बाय, तू पोरीची आई हायस, तुला कापून मी जगनार नाय, भावोजींना काय तोंड दाखवू. आणि उठून मागच्या खोलीत गेलास. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे जेवलास का, झोप लागली का, एवढंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा तू. पण तू ज्या बापाचा मुलगा आहेस त्याच बापाची मी मुलगी आहे हे तू विसरलास. मी तुला न सांगता केदारला घेऊन मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आले.

आधी केदारचं सांगते, कारण तुला त्याचीच काळजी. मी त्याला विचारलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. कामावर गेला, आला, जेवला, झोपला. मला वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना खाली बघतच म्हणाला की नवऱ्याची सही लागते असं ऐकलंय, कुठं करायची ते सांग. एवढंच. मग म्हणाला, तुला काही झालं तर मी दर्पणला कधी माफ करणार नाही, पण तू दिली नाहीस आणि त्याला काही झालं तर तू मला कधी माफ करणार नाहीस. या माणसाला मी वीस वर्षं घुमा म्हणत आले. तेव्हा भावोजींना तोंड दाखवायची चिंता तू करू नकोस.

डॉक्टर बाई होत्या. चांगल्या बोलल्या. माझा रक्तगट जुळतो. मग मला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पोटाची सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी. त्या म्हणाल्या, आत्ता या वजनावर तुमची किडनी मी काढू शकत नाही, ते तुमच्यासाठी धोक्याचं आहे. पंधरा किलो उतरवून या, मग पुढच्या तपासण्या करू. मी विचारलं, लवकरात लवकर किती दिवसांत? त्या म्हणाल्या घाई करायची नाही, उपाशी राहायचं नाही, सहा-सात महिने धरा. इथंच घोडं पेंड खात होतं बघ. तुझ्यासाठी म्हणून जे खात गेले त्यानंच मला तुझ्या उपयोगातून बाद केलं. त्या दवाखान्यात मला आधी हसू आलं आणि मग ते हसू काही थांबेना, केदारनं हाताला धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर मी स्वतःच्या मनानं करून पाहिलं. सकाळी कंपनीच्या रस्त्यानं चालायला गेले, भात बंद केला. आणि बुधवारी सुगंधा तुझा वाटा घेऊन आली. दोन पापलेटं होती, आईनं निवडलेली. ती मी फ्रिजमध्ये ठेवू शकले नाही, कोणाला देऊ शकले नाही, आणि पापलेटाबरोबर भात नाही म्हटल्यावर ती खाल्ल्यासारखी वाटेना. म्हटलं, आज एवढंच. असं 'आज एवढंच' महिनाभर चाललं आणि वजन होतं तिथंच. तेव्हा कळलं की माझ्या घरात, माझ्या हातचं, मला झेपायचं नाही. कोणीतरी बाहेरच्यानं मोजून द्यावं आणि बाकीच्याला कुलूप घालावं, तरच. म्हणून हेतलचा डबा. लोक लग्नात बारीक दिसावं म्हणून लावतात, मी कशासाठी विचारतेय हे कळल्यावर तीच खाली बसली. म्हणाली, तुम्ही आमच्या कंपनीचा दुसरा कुठला नियम मोडा, मी सांभाळून घेईन, पण डब्याबाहेर काही खायचं नाही हा मोडू नका. आणि तुमच्या डॉक्टरबाईंना विचारून काय हवं नको ते मी बदलून घेते. वाळकी आहे, पण पोरगी खमकी आहे.

आता बघ. डबा लावायचा तर तुझा वाटा खायचा नाही. वाटा खायचा तर डबा नाही, आणि डबा नाही तर किडनी नाही. कोणी तिसरा माणूस म्हणेल, यात विचार कसला करायचा. पण महिनाभर मला ठरवता आलं नाही. तुझ्यासाठी डबा लावावा म्हटलं की वाटायचं, उद्या मी वाटा परत धाडला आणि परवा तुला काही झालं तर? केदारला बोलले तर तो म्हणाला, मी खातो की. त्याला कसं सांगू की तुझं रक्त वेगळं. शेवटी गुरुवारी सुट्टी टाकून मी सातपाटीला आले होते. तू झोपला होतास, सुगंधा बाजारात होती. आई मागच्या दारी बोंबील वाळत घालत होती. मी तिच्या शेजारी बसले, तिच्याबरोबर बोंबील एकमेकांत अडकवत गेले आणि सगळं सांगितलं. किडनी, डॉक्टर, काटा, डबा, सगळं. आणि विचारलं की आई, मी नाही खाल्ला तर दर्पणचा वाटा कोण खाणार?

तिनं पुढचे दोन बोंबील उचलले. हात चालूच. मला वाटलं आता ही रडेल नाहीतर मला शिव्या घालेल. मग म्हणाली, जागू, माझंच चुकलं गो. जो लांब हाय, ज्याचा हात पोचत नाय, त्याचा वाटा दुसऱ्यानं खायाचा. दर्पण लांब कुठं हाय? ह्या भिंतीच्या पल्याड निजलाय. तो जिता हाय, घरात हाय, त्याचा वाटा त्याच्या हातात द्यावा आणि त्यानं कोनाला द्यायचा त्याला द्यावा. आमी त्याला इचारलाच नाय. असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. दोन वर्षं आम्ही तिघी बायका तुझा वाटा असा काढत होतो जसा तू कुठे खोल पाण्यात गेलायस, आणि तू मागच्या खोलीत पंख्याकडे बघत पडला होतास. मी जेवत होते आणि तुला कोणी विचारत नव्हतं. तुला राग आला असेल तर तो रास्त आहे. मला माझा आला.

तर ठरलं ते असं. उद्यापासून माझा डबा सुरू. हेतलनं पहिली पिशवी स्वतः आणून देईन म्हटलंय, बहुतेक मी खिडकीतून फेकते की काय हे बघायला. केदारनं माझ्याबरोबर संध्याकाळची भजी सोडलीत, तो म्हणतो तो पाठिंबा आहे, मी म्हणते त्याचं पोट पण बघण्यासारखं झालंय. आणि तुझा वाटा यापुढे माझ्याकडे येणार नाही. बोट लागेल त्या दिवशी आई तुला उठवेल. अंगात शर्ट घालायचा, पायात चपला, आणि बंदरावर जायचं. हळू जा, वाटेत बस, पण जा. तुझ्या नावाचा ढीग तू स्वतःच्या हातानं उचलायचा आणि तुला वाटेल त्याला द्यायचा. खलाशांच्या पोरांना दे, शेजारच्या म्हातारीला दे, मांजराला घाल. त्यातली एखादी तुकडी अळणी उकडून स्वतः खाल्लीस तर मला फार बरं वाटेल, पण तो आग्रह नाही. लोक विचारतील, तांडेल कसं हाय? काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मात्र ते तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना.

आता खरं सांगते, दर्पण, एवढं सगळं का लिहिलं. सुगंधानं मला शपथ घातली होती, ती मी मोडतेय, तिच्यावर रागावू नकोस. मागच्या दोन्ही मंगळवारी तू डायलिसिसला गेला नाहीस. घरातून निघालास, स्टँडपर्यंत गेलास आणि परत फिरलास, आणि तिला म्हणालास की आता कंटाळलो, हे किती दिवस ओढायचं, कोणासाठी. बोईसरच्या बाजारात पापलेट हातात धरून ती मला हे सांगत होती, समोर गिऱ्हाईक थांबलं होतं आणि तिला दिसत नव्हतं. मला माहीत आहे तू का कंटाळलास. पुढे काही दिसत नसलं की मशीनवर चार तास कोण पडून राहील? म्हणून तुला पुढचं दाखवतेय. पुढे मी आहे. पंधरा किलो लांब आहे, आणि डॉक्टर म्हणतात मला पळत येता येणार नाही. नंतरच्या तपासण्यांत काय निघेल ते मला ठाऊक नाही, मी तुला खोटं वचन देणार नाही. माझी किडनी घ्यायची की नाही ते पण तू आज सांगू नकोस, तेव्हा भांडू, भांडायला मी खूप हलकी झालेली असेन. आज मला तुझ्याकडून फक्त एवढंच हवंय की या मंगळवारी स्टँडवरून परत फिरू नकोस. आणि शुक्रवारी. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी. मी येतेय रे, पण मला यायला वेळ लागणार आहे, तोवर तू थांब.

तुझीच,
बाय